उंट किती होते

हारिया, लांझारोते
११ नोव्हेंबर

प्रिय रेमे,

अक्षरं मोठी आहेत म्हणून पानं वाढलीत, मजकूर काही फार नाही. जाड काळा पेन आणि एका पानावर नऊ ओळी. युरेनानं पुठ्ठ्याला खाचा पाडून एक पट्टी करून दिलीय, ती सरकवत लिहितो, म्हणजे ओळ घसरत नाही. तुझे फोन आले ते मला कळले. उचलले नाहीत. फोनवर मला भांडता येत नाही, कारण तू मध्ये बोलतेस. कागदावर तुला गप्प बसावं लागेल.

तुम्ही दोघं खुशाल असाल. तुझ्या फेर्मीनचा गुडघा कसा आहे? त्याला म्हणावं, गुडघ्याला मलम लावण्याआधी पोटाला कुलूप लाव. इथे गेला आठवडाभर आफ्रिकेची धूळ होती, काल वारा फिरला तेव्हा कुठे गेली. टाक्यात पाणी अर्ध्यावर आहे. परसातल्या अंजिराची पानं गळाली. एक तारखेला मी आईच्या कबरीवर फुलं ठेवून आलो, तुझ्या वाटणीचीही ठेवली. भांडण आपलं आहे, आईचं नाही.

मी आता गुहेच्या तिकीट खिडकीत बसतो, हे तुला माहीत आहेच. माहीत नसायला काय झालं, तूच तर बसवलंस. खुर्चीला गादी आहे, पायाशी हीटर आहे. लोक तिकीट घेतात, मी म्हणतो ‘डावीकडून खाली’, आणि ते जातात. पर्यटकांना गुहा दाखवायची माझी अकराची फेरी आता युरेना घेते. सव्वीस वर्षांची आहे, आवाज चांगला आहे, चाच्यांची गोष्ट मात्र फार घाईत उरकते. आपले लोक चाच्यांना भिऊन त्या गुहेत लपले होते, ते भिण्याआधीच हिनं त्यांना बाहेर काढलेलं असतं. मी खिडकीतून ऐकतो आणि गप्प बसतो. एकतीस वर्षं कबुतरांच्या गुहेत मी जेवढं बोललो तेवढं आपले बाबा जन्मात बोलले नसतील, आणि आता ‘डावीकडून खाली’.

तुला एक विचारायचं होतं. लास पाल्मासला डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी तुला म्हणालो होतो, हे तुझ्यामाझ्यात. एवढंच म्हणालो होतो. शपथ मी मागितली नव्हती. ‘आईच्या हाडांची शपथ, हिनेस, या कानाचं त्या कानाला कळणार नाही,’ असं तूच म्हणालीस, आणि माझा हात तुझ्या छातीशी धरलास. जी शपथ कुणी मागितली नाही ती घ्यायची आणि मग मोडायची, याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं लहानपणापासूनचं आहे. पण हे त्यातलं नव्हे. हे तू सावकाश, तयारी करून केलंस.

सप्टेंबरचं सांगतो. तू तिथे होतीस, तरी माझ्या बाजूनं कसं होतं ते ऐक.

शनिवारी डोलोरेसची जत्रा. दर वर्षीसारखे आपण काळ्या दगडांतून चालत गेलो, डोक्यावर गवती टोप्या, फेर्मीनच्या गळ्यात ती छोटी गिटार, जी त्याला वाजवता येत नाही आणि खाली ठेवताही येत नाही. माउलीला आपली नेहमीची भाकरी आणि शेळीचं चीज वाहिलं. जुन्या काळी लाव्हा गावाच्या वेशीवर थांबवलेली माउली ती, तिच्याकडे मी काय मागितलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. मग देवळामागे बसून आपण वाइन प्यायलो आणि मी तुला एका म्हाताऱ्या जर्मन माणसाची गंमत सांगितली. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

रविवारी सकाळी तू कॉफीचा कप माझ्या हातात देऊन म्हणालीस, ‘अरे हिनेस, आज तू आम्हाला बेट दाखव. परक्यांना दाखवतोस तसं. आम्ही दोघं पाहुणे, तू गाईड.’

‘तुम्हाला कशाला? तुम्ही इथेच मातीत लोळून मोठे झालात,’ मी म्हणालो.

‘म्हणूनच कधी बघितलं नाही. चल ना रे.’

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हिला कळलंय. आणखी दोन वर्षांनी मला यातलं काही दिसणार नाही हे हिच्या मनात आहे, आणि तसं न बोलता ही मला सगळं एकदा बघून घ्यायला नेतेय. मी आत गेलो आणि गाईडचा इस्त्रीचा शर्ट घातला. सुट्टीच्या दिवशी. फेर्मीन हसला, तू हसली नाहीस.

मिठागरापाशी गाडी थांबवलीस. ‘त्या ढिगावर कोण उभं आहे रे, बाई की बाप्या?’ मला ढीग दिसत होता. माझी नजर म्हणजे आता कागदाची सुरळी डोळ्याला लावावी तशी आहे, सुरळीत जेवढं येतं तेवढं लख्ख, बाकी नाही. माणूस सुरळीत सापडेना. मी म्हणालो, ‘बाई असेल तर तुझ्यापेक्षा कामाची असेल.’ तू हसलीस.

मग हिरवं तळं. ‘आज रंग कसा आहे?’ ‘हिरवा, दुसरा कसा असणार?’ मी न बघताच म्हणालो. मग द्राक्षांचे मळे. तिथे मी खूश होतो, कारण तिथे डोळे लागत नाहीत. राखेत खणलेला एकेक खड्डा, खड्ड्यात एकेक वेल, वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी बांध. मी तुला एका खड्ड्यात उतरवलं आणि वरची राख बाजूला करून खालचा ओलावा तुझ्या बोटांना लावला. वर येताना बांधाला माझा पाय अडखळला. तू माझं कोपर धरलंस, ते जेवेपर्यंत सोडलं नाहीस. मला ती माया वाटली.

आगीच्या डोंगरावर फेर्मीननं ज्वालामुखीच्या धगीवर भाजलेली कोंबडी खाल्ली आणि म्हणाला, ‘आपल्या गॅसवरची बरी असते.’ पाटीवर काय लिहिलंय म्हणून तू मला विचारलंस. ती पाटी मला पाठ आहे. मी धडाधड म्हणून दाखवली.

आणि मग उंट. फेर्मीन एका बाजूच्या खुर्चीत बसला आणि तू दुसऱ्या, तेव्हा उंटवाल्यानं वजन सारखं करायला तुझ्या बाजूला वाळूच्या पिशव्या लावल्या. एक, दोन, तीन. चौथी लावताना तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही आणखी जेवला असतात तर दुसरा उंट शोधावा लागला असता.’ मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तू वरून, उंटावरून, अगदी सहज विचारलंस, ‘उंट किती आहेत रे आज?’

मी मान फिरवत फिरवत मोजले. नीट मोजले, रेमे. ‘अकरा.’

तू म्हणालीस, ‘हं.’

रात्रीला खारवलेले बटाटे आणि लाल चटणी मी केली. तू भांडी घासलीस. सोमवारी निघताना माझे दोन्ही गाल धरून मुका घेतलास आणि म्हणालीस, ‘काळजी घे रे.’ विमान दिसेनासं होईपर्यंत मी कुंपणाशी उभा होतो. ते मला लवकर दिसेनासं होतं, पण आवाज जाईपर्यंत थांबलो.

बुधवारी आमच्या साहेबांनी, डॉन एलादियोनं, मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यानं दार लावलं, पाण्याचा पेला पुढे ठेवला, आणि पेला कुठे आहे ते मला बोटानं वाजवून दाखवलं. त्यावरूनच मी समजलो.

‘हिनेस, तुमचे डोळे कसे आहेत?’

‘जागेवर आहेत.’

‘माझ्याकडे एक पत्र आलंय. दीड पान. वाचू?’

त्यानं वाचलं. मी शब्द न शब्द सांगू शकतो, पाठांतराचीच भाकरी खाल्ली मी. ‘मिठागर : ढिगावरचा माणूस दिसला नाही, विनोद करून वेळ मारून नेली. तळं : हिरवं म्हणाला, त्या दिवशी धुळीनं तपकिरी होतं. पाटी : वाचली नाही, पाठ म्हटली, पाटी मागच्या वर्षी बदललीय. मळ्यातला बांध : पायाशी असून दिसला नाही. उंट : अकरा म्हणाला. दोन रांगा शेजारी शेजारी होत्या. बावीस होते.’

मी विचारलं, ‘कुणाचं पत्र?’

‘तुमच्या बहिणीचं. काळजीपोटी लिहिलंय हो तिनं. रागावू नका.’

रेमे, पेशंटची परीक्षा डॉक्टर घेतो तेव्हा तो आधी सांगतो तरी की परीक्षा आहे. मला वाटलं तू मला बेट बघायला नेलंस. तू मलाच बघत होतीस. मी त्या दिवशी प्रत्येक गोष्ट साठवून घेत होतो, मिठाचा पांढरा, राखेचा काळा, फेर्मीनचा लाल झालेला चेहरा. आणि तू प्रत्येक ठिकाणी खूण करत होतीस, चूक, चूक, चूक. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी इतके दिवस नुसतं बोलत होतो. घरातल्या घरात मला ओरडून सांगितलं असतंस, ‘हिनेस, तू आंधळा होतोयस, काम सोड, नाहीतर मी सांगेन,’ तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी ऐकलं असतं. कदाचित नसतं ऐकलं. पण तोंडावर तरी झालं असतं.

इथपर्यंतचं सगळं माझं महिनाभर मनात तयार होतं. पत्र इथेच संपवणार होतो. पण गेल्या मंगळवारी तिकीट खिडकीवर माझ्या नावाचं एक पाकीट आलं, जर्मनीचं. दुपारी गर्दी नव्हती. मी युरेनाला म्हणालो, ‘वाच ग, बारीक अक्षर आहे.’

हाइके नावाच्या बाईचं पत्र. स्पॅनिश कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, जरा अवघडलेलं. तिचे वडील ओटमार, वय एक्याऐंशी, जूनमध्ये एकटेच आपल्या बेटावर आले होते. आई मागच्या वर्षी गेली. परत आल्यापासून ते दिवा लावल्याशिवाय झोपत नाहीत. न्हाणीघराचं दार उघडं ठेवतात. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, चार मजले जिन्यानं चढतात. विचारलं की म्हणतात, कबुतरांच्या गुहेत हिनेस नावाच्या गाईडला मी शब्द दिलाय. ‘माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी शब्द मोडलेला नाही,’ असं ती लिहिते. ‘मी त्यांच्यामागे लागत नाही, तुम्हालाच विचारते. त्यांच्यावर तिथे काही प्रसंग आला असेल तर मला कळायला हवं. आणि त्यांनी नुसतं काही सुंदर पाहिलं असेल, तर तेही कळायला हवं.’

युरेना वाचून थांबली. माझ्याकडे बघत असावी. मी म्हणालो, ‘दोन तिकिटं दे त्या माणसांना.’ खिडकीसमोर कुणीच नव्हतं.

देवळामागे तुला मी सांगितलं होतं की एक बहिरा म्हातारा चुकून दहा मिनिटं आत राहिला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला की फार शांत वाटलं. तू हसली नव्हतीस. आता खरं सांगतो. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नकोस.

बाहेर पडताना शेवटी ती लाकडी फळी आहे, तुला आठवत असेल. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहायचो आणि पावलांवरून माणसं मोजायचो. बेचाळीस आत गेले, बेचाळीस बाहेर. लोकांना मोठी गंमत वाटायची, टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं मी करामत करतोय. पाठ करून उभा राहायचो कारण तोंड करून उभा राहिलो तरी मला चौघांतले दोन दिसायचे. पावलं डोळ्यांपेक्षा खरी बोलतात असं मी सगळ्यांना सांगायचो. त्या दिवशी शेवटच्या फेरीत एक माणूस टोपी विसरली म्हणून दोन पावलं मागे गेला आणि फळी पुन्हा ओलांडून आला. मी दोन्ही वेळा मोजला. बेचाळीस भरले. मी आतले दिवे घालवले आणि घरी गेलो.

ओटमार मधल्या कोनाड्यात बाकावर बसला होता, पाय दुखत होते म्हणून. त्याला ऐकू कमी येतं. मी हाक मारली ती त्याला पोचली नाही. मग दिवे गेले.

दहा मिनिटं नव्हती, रेमे. अडीच तास होते.

ब्राउलिया वर झाडत होती, तिला खालून कठड्यावर काठी वाजल्यासारखं ऐकू आलं. तिनं ऑफिसला फोन केला नाही, मला केला, कारण तिच्या पोरीचा मी धर्मपिता. मी आलो तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. आत दिवे लावायला मुख्य बटण ऑफिसात, आणि ऑफिस उघडलं की नोंद होते. म्हणून मी अंधारातच उतरलो. तीनशे पन्नास पायऱ्या आणि सात वळणं, एकदाही हात टेकला नाही. खोटं कशाला बोलू, तिथे जाताना मला अभिमान वाटत होता. अंधारात मी कुणाहीपेक्षा कमी नाही.

त्याचा हात सापडला तो बर्फासारखा गार होता. त्यानं फक्त माझी बाही घट्ट धरली. त्याची पँट ओली झाली होती. मला वासानं कळलं. वर आणून मी त्याला कपाटातली माझी दुसरी पँट दिली, ब्राउलियानं पाठ फिरवली. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘मला वाटलं, मी मेलोय आणि बायको कुठे दिसत नाही.’ थोडं स्पॅनिश येतं त्याला. एवढंच बोलला.

आणि मी काय केलं? मी आमचं नेहमीचं वाक्य म्हटलं. गुहेच्या टोकाला जे आम्ही दाखवतो ते काय आहे हे मी तुला आजही कागदावर लिहिणार नाही, पण दाखवून झाल्यावर आम्ही सगळ्यांना सांगतो ना, ‘आत जे पाहिलंत ते बाहेर कुणाला सांगू नका, येणाऱ्यांची मजा जाईल.’ एकतीस वर्षं दिवसातून सहा वेळा सांगितलं, आणि लोक पाळतात, जगाच्या पाठीवर कुठेकुठे जाऊन पाळतात. जर्मनमध्ये मला तेवढं एकच वाक्य शुद्ध येतं. तेच मी त्याला म्हटलं. हसून म्हटलं. माझ्या सुरळीत तेव्हा त्याची नुसती हनुवटी होती. ती हलली. ‘शब्द देतो,’ म्हणाला.

मग मी त्याला हॉटेलवर पोचवला. जुलैत माझी पँट टपालानं परत आली, धुतलेली, कडक इस्त्री केलेली, सोबत चिठ्ठी नाही. मला वाटलं, चला, राग नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ त्या बिचाऱ्यानं पाच महिने घट्ट मिटून धरली आणि मी सप्टेंबरात वाइन पिता पिता त्याची गंमत करून तुला सांगितली.

तर असं आहे. विश्वासघातावर तुला दहा पानं लिहिणारा तुझा भाऊ हा असा आहे.

शुक्रवारी मी डॉन एलादियोकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ब्राउलियाचं नाव घेतलं नाही, आवाज मीच ऐकला म्हणालो. तूही घेऊ नकोस, निदान एवढं तरी तुझ्या पोटात राहू दे. एलादियोनं सगळं लिहून घेतलं. मी म्हणालो, ‘तुम्हाला यातलं अर्धं माहीत असेल, बहिणीनं लिहिलंच असेल.’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘जर्मन माणसाचं काही नव्हतं त्यात.’

‘नीट बघा.’

त्यानं फाईल काढून पुन्हा वाचलं. मिठागर, तळं, पाटी, बांध, उंट. संपलं.

म्हणजे ते तू लिहिलं नाहीस. माझ्या डोळ्यांचं सांगितलंस आणि माझी लाज झाकलीस. का गं? माझी दहा मिनिटं खरी वाटली म्हणून, की खरी वाटली नाहीत म्हणून? मी दोन दिवस यावरच विचार करतोय. तेही लिहिलं असतंस तर मला तुझा पुरता राग करता आला असता, सोपं झालं असतं. आता पुरतं रागावताही येत नाही, आणि त्याचाही तुझ्यावरच राग येतो. तू बरोबर होतीस असं मी या कागदावर लिहिणार नाही. चूक होतीस असंही आता लिहवत नाही. पण तो रविवार, रेमे. तो रविवार तू तसा वापरायला नको होतास. मला तो आयुष्यभर पुरवायचा होता.

हाइकेला मी शनिवारी उत्तर पाठवलं. मी सांगितलं, युरेनानं लिहिलं. मध्ये एकदा ती उठून बाहेर गेली, मग परत येऊन लिहायला बसली. सगळं लिहिलं, फळी, टोपी, अडीच तास, पँट सोडून. ती त्याची गोष्ट आहे, सांगायची तर तो सांगेल. शेवटी लिहिलं, ‘तुमच्या वडिलांना सांगा, ते शब्दातून मोकळे आहेत. तो शब्द मागायचा मला हक्कच नव्हता. त्यांनी मला विचारावं, शिव्या द्याव्या, तक्रार करावी, मी नाकारणार नाही.’ पाकीट मी स्वतः पेटीत टाकलं. पेटीचं तोंड हातानं चाचपून बघितलं.

पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी दहा वाजता मला ऑफिसात बोलावलंय. दोन माणसं राजधानीतून येणार. खिडकी राहते की तीही जाते, ते तिथे ठरेल. एलादियो म्हणाला, ‘मी माझ्याकडून बोलेन, पण आशा ठेवू नका.’ ठेवली नाही. समोर कागद ठेवतील, बारीक अक्षरातले, आणि त्यावर सही करायची आहे. कागदात काय आहे ते मला वाचून दाखवणारं, जे आहे तेच वाचणारं, कुणीतरी शेजारी लागेल.

हे वाचून तू रविवारचं विमान पकडशील, मला माहीत आहे. पकडू नकोस. मी युरेनाला विचारलं, ती हो म्हणाली.

नाताळला ये. फेर्मीनला आण, त्याची गिटार आण, वाजवू दे त्याला काय वाजवायचं ते. बहीण म्हणून कधीही ये, किल्ली जिथे असते तिथेच आहे. माझे डोळे म्हणून मात्र येऊ नकोस. ती जागा मी दुसरीला दिली.

तुझा भाऊ,
हिनेस